तीनशे पावलं मागे

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला खरं तर रागच येतो. अमावास्या, मध्यरात्र, पांढरी साडी... ठरलेला मसाला. त्यामुळे ही गोष्ट मी सांगायला बसलोय, याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

पण ही घडलेली आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो विरेश, माझा सख्खा मावसभाऊ. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज आहे. देवाला रोज उदबत्ती लावतो, पण भुताचं नाव काढलं की खो खो हसतो.

म्हणजे, हसायचा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा मंगळवार. वेळ दुपारी एक ते पाच. हो, दुपारीच. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, असं ऊन होतं.

त्याच्या तीन दिवस आधी नागप्पा आपली जीप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत गॅरेजला घेऊन आला होता. नागप्पा म्हणजे अक्कलकोट-मैंदर्गी-दुधनी रस्त्यावरचा जुना वडापवाला. वीस-बावीस वर्षं एकच काम, जीपमध्ये माणसं भरायची, उतरवायची, पुन्हा भरायची. जीपही त्याच्याइतकीच झिजलेली. डिझेलवरची, लांब बॉडीची, मागे समोरासमोर दोन बाकं. विरेशचे वडील होते तेव्हापासून ती याच गॅरेजला यायची.

"काय झालं ओ काका?"

"चालता चालता बंद पडायलीय."

"आचके देऊन, का एकदम?"

"एकदम. थांब्यावरनं निघाली की थोडं पुढं जाती... आन् गप. जरा वेळानं आपसूक चालू हुती. पुढच्या थांब्याला परत त्येच."

"म्हंजे रुसायली म्हना की. या वयात काय थेरं ही!"

नागप्पा हसला नाही. एरवी या माणसाच्या तोंडाला कुलूप नसायचं. चहा येईपर्यंत चार गावांच्या बातम्या सांगून व्हायच्या. त्या दिवशी तो नुसता उभा होता.

"कधीपासनं हाय हे?"

नागप्पा जीपच्या चाकाकडे बघत म्हणाला, "झालं की. होळीपासनं."

विरेशला ते खटकलं. कारण बसव जयंतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे होळीनंतर दीड महिन्याने, ही जीप गॅरेजला आली होती. त्याने स्वतः ती वळसंगपर्यंत पळवून बघितली होती. तेव्हा ती ठणठणीत होती.

तो दिवस त्याला पक्का आठवत होता. कारण त्या दिवशी त्याने एक लबाडी केली होती.

विरेशच्या मित्राच्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. बसव जयंती, अक्षय तृतीया, लग्नाची मोठी तिथी. आणि ऐन वेळी वऱ्हाडाच्या जीपचा सेल्फ जळाला. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला फिरवून चालू करणारी मोटर. नवी यायला दोन दिवस लागणार होते. नागप्पाच्या जीपला नेमका तसाच सेल्फ होता. विरेशने तो काढून वऱ्हाडाच्या जीपला बसवला आणि नागप्पाला ठोकून दिलं, "काका, तुमच्या सेल्फचं काम निघालंय. दोन दिवस ढकलून चालवा. फकस्त एक करा, एकदा चालू झाली की थांबू नका. बंद पडली तर परत ढकलायला लागंल."

गॅरेजांत हे चालतं. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, वेळ मारून न्यायची. दोन दिवसांनी त्याने सेल्फ परत बसवला. नागप्पाला कळलंही नाही. कुणाचं काही बिघडलं नाही, असं विरेश धरून चालला होता.

तर, होळीपासून. विरेशने वाद घातला नाही आणि कामाला लागला.

जुनी डिझेल गाडी चालता चालता बंद पडली की मेकॅनिक आधी एकच गोष्ट शोधतो. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरतेय का. त्याने फिल्टर बदलला. टाकी खाली उतरवून तळातली जाळी साफ केली. जोडांवरचे वॉशर बदलले. पंप खोलून पुन्हा बसवला. शेवटी नळीच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जोडला, म्हणजे हवेचा बुडबुडा गेला तर डोळ्यांना दिसावा.

एक बुडबुडा नाही.

गॅरेजात दोन-दोन तास इंजिन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही.

मंगळवारी त्याने नागप्पाला बोलावून घेतलं. आधी विरेश एकटा जीप घेऊन गेला. वळसंगला जाऊन परत आला, वाटेत चार ठिकाणी मुद्दाम थांबला, पुन्हा निघाला. बिनतक्रार.

"आता तुमी चालवा," तो नागप्पाला म्हणाला आणि शेजारी बसला.

मोठ्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते, म्हणून ते आतल्या एका शेतरस्त्याला वळले. डांबर होतं, पण गाड्या नव्हत्या. नागप्पाने जीप थांबवली, पुन्हा निघाला.

थोडं अंतर गेलं...

आणि इंजिन बंद.

विरेश दचकला. डिझेल कमी पडलं की इंजिन आधी अडखळतं, खोकतं, मग मरतं. हे तसं नव्हतं. चालू असलेला पंखा कुणी बटण दाबून बंद करावा, तसं झालं होतं. जुन्या डिझेल गाडीला इंजिन बंद करायची एक खिट्टी असते, ती ओढली की असं होतं. त्याने बघितलं. खिट्टी जागेवर होती.

त्याने बॉनेट उघडलं. खाटखुट करून खिट्टीची तारच काढून टाकली. आता गाडी बंद करायची म्हटली तरी सहज बंद होणार नव्हती. तेवढ्यात चार मिनिटं गेली आणि अर्ध्या किल्लीत इंजिन सुरू झालं.

पुन्हा थांबले. पुन्हा निघाले.

पुन्हा गप...

या वेळी विरेश खाली उतरून जिथून निघाले होते त्या जागेपर्यंत पावलं मोजत गेला. तीनशे. आधीच्या वेळचीही मोजली. तीनशेला दोन कमी. मोबाइलवर वेळ लावली होती. चार मिनिटं, पुन्हा चार मिनिटं.

बिघाड असा घड्याळ बघून येत नाही. तो कधी लवकर येतो, कधी उशिरा, कधी मेकॅनिकची जिरवायला मुद्दाम येतच नाही. विरेशच्या वडिलांनी त्याला हेच शिकवलं होतं.

"काका, मी मागं बसतो. टाकीकडं काय आवाज हुतो का ऐकतो. आता बंद पडली की तुमी उतरू नका. किल्ली फिरवू नका. काय बी करू नका. गप बसा."

"गप बसायचं?" नागप्पाने विचारलं.

"व्हय."

"नगं विरेश. ठोकाठोक करत ऱ्हा की. गप नगं बसाया."

विरेशला वाटलं, उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मागचा फाळका उघडाच ठेवला.

जीप निघाली.

शंभर पावलं... दोनशे... तीनशे...

गप.

आधी तापलेलं लोखंड टिकटिकत होतं. मग तेही थांबलं. जवळच्या बाभळीत एक होला घुमत होता.

तोही थांबला.

मग मागून...

चट्... चट्... चट्...

तापलेल्या डांबराला चिकटून सुटणाऱ्या रबरी चपलेचा आवाज. सावकाश. मध्येच थांबणारा. पुन्हा सुरू होणारा.

विरेशने फाळक्यातून बाहेर वाकून बघितलं. रस्ता मोकळा होता. लांबपर्यंत नुसती उन्हाची झळ हलत होती.

चट्... चट्...

आवाज जवळ आला. आता धाप ऐकू येऊ लागली. म्हाताऱ्या माणसाची धाप, आत ओढलेला श्वास पुरत नसल्यासारखी.

जीपच्या पत्र्यावर कुणीतरी हात टेकले. पत्रा किंचित दबला. त्याचा आवाज झाला.

आणि मग...

कर्रर्र.

मागच्या चाकांवरचे कमानपाटे दबले. हा आवाज विरेशने आयुष्यात हजारदा ऐकलाय. पायरीवर पाय देऊन माणूस आत चढलं की पाटे असेच बोलतात.

समोरच्या बाकावर कुणी नव्हतं.

पण वास आला. शेंगाचटणीचा. लसूण घालून नुकतीच कुटलेली, अजून तेल सुटलेली शेंगाचटणी.

विरेश ओरडला नाही. तो सांगतो, ओरडायलासुद्धा तोंडात थोडं पाणी लागतं.

पुढच्या सीटवरून, मागे न बघता, नागप्पाने हळूच विचारलं...

"बसली?"

विरेश फाळक्यावरून उडी मारून पुढे आला. नागप्पाच्या दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"काका... कोन बसली?"

"निंगव्वा. मैंदर्गीची."

मग त्याने सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, एका दमात.

होळीपासून नाही. बसव जयंतीपासून.

त्या दिवशी जीपला सेल्फ नव्हता. मैंदर्गीला निंगव्वा चढली. सत्तरीची बाई, नेहमीची. दुधनीला लेक दिलेली, तिच्याकडे चालली होती. हातात पिशवी. मैंदर्गी सोडल्यावर एका फाट्यावर कुणी तरी उतरलं आणि जीप बंद पडली. दुपारचे दोन वाजलेले. सगळे ढकलायला उतरले. निंगव्वाही उतरली. नागप्पा नको म्हणाला, तर म्हणाली, "तेवढंच माझं वजन कमी हुईल की." आणि तिने पत्र्याला दोन्ही हात लावले.

जीप चालू झाली. सगळे पळत येऊन लटकले, चढले. सत्तरीची बाई कशी पळणार...

"नागप्पा, निंदरो!" तिने कन्नडमधून हाक मारली. थांब रे.

"ऐकू आलं मला," नागप्पा म्हणाला. "आरशात बी दिसली. हात वर करून उभी. तोवर तीनशे पावलं तरी पुढं आलो हुतो. मागनं एक जन वरडला, म्हातारी ऱ्हायली! मी म्हनलं, तिला हितंच उतरायचं हुतं. शेत हाय तिचं हितं."

"शेत हुतं?"

"न्हाय."

"मग थांबला का न्हाईत ओ?"

"मागनं दुसरी जीप येती म्हनलं. घील तिला." तो थांबला. "तू म्हनला हुतास की, थांबू नका."

हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. विरेशला उलट दोन शब्द बोलता आले असते. पण त्याने ते फक्त सांगितलं, जे झालं ते.

मागून दुसरी जीप आलीच नाही. लग्नाची तिथी, सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. निंगव्वा चालत निघाली. संध्याकाळी रस्त्याकडेच्या बाभळीखाली सापडली. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. जीपवाल्याला कुणी विचारलंच नाही, कारण त्या दिवशी तिला जीप मिळालीच नसेल असं घरच्यांनी धरलं, आणि जीपमधली माणसं परगावची होती.

बसव जयंती, दुपारचे दोन. विरेशने आठवलं. त्या वेळी तो लग्नाच्या पंगतीत होता. वाढपी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घेऊन दुसऱ्यांदा आला होता आणि याने ताट पुढे केलं होतं. बाहेर वऱ्हाडाची जीप सेल्फवर एका झटक्यात चालू होत होती आणि मित्र त्याची पाठ थोपटत होता. किती खूश होता तो त्या दिवशी.

आणि तीनशे पावलं चालायला सत्तरीच्या बाईला उन्हात किती वेळ लागेल? चार मिनिटं लागतील. जीपमध्ये कसलाही बिघाड नव्हता. जिथे थांबायला हवं होतं तिथे ती थांबली नव्हती, म्हणून आता थांबत होती.

"रोज येतीया?"

"रोज. मी बॉनेट उघडून ठोकत बसतो. ऐकू येऊ नये म्हनून." नागप्पाने पहिल्यांदा डोळे पुसले. "मैंदर्गीचा रस्ता बी सोडला मी. आता सोलापूरच्या अंगालाच चालवतो."

"म्हंजे तिला तुमी दुधनीला नेलंच न्हाय."

नागप्पाने चाकावर कपाळ टेकलं.

"चला," विरेश म्हणाला. "आता जायाचं. तिच्या लेकीला सांगायचं. तुमी तुमचं सांगा, मी माझं सांगतो."

हे त्याने म्हटलं होतं. मी माझं सांगतो. लक्षात ठेवा.

अक्कलकोट गेलं. मैंदर्गी गेली. पन्नास-साठ किलोमीटरमध्ये जीप एकदाही बंद पडली नाही. दोघांपैकी एकानेही मागे बघितलं नाही. खड्डा आला की रिकामी जीप मागून उडते, आपटते. ही उडत नव्हती. मागचे पाटे दबलेलेच होते.

ती बाभळ आली.

जीप वेग न सोडता पुढे गेली.

दुधनीत बाजार समितीच्या मागच्या गल्लीत निंगव्वाच्या लेकीचं, राजेश्वरीचं घर. दारातच शिलाई मशीन, ती त्यावर वाकलेली. पस्तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"नागप्पा मामा न्हवं तुमी? बर्री, कूड्री." या, बसा म्हणत तिने खुर्च्या पुढे केल्या. पाणी आणलं. "आमची अव्वा तुमच्याच जीपनं यायची की ओ."

नागप्पाने मान हलवली. पाण्याचं भांडं हातात धरलं, प्यायलं नाही.

मग ती आपणहूनच बोलायला लागली. कुणी विचारायची वाट बघत असलेलं माणूस बोलतं, तशी.

"माझ्यामुळं गेली ओ मामा ती. ऊन लई हाय, चार दिवसांनी येते म्हनत हुती. मीच हट्ट केला. बसव जयंती हाय, आजच ये. येताना शेंगाचटणी आन. मला काय करायची हुती ओ चटणी?" तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "दादा सगळ्यांसमोर म्हनला, तूच मारलीस अव्वाला. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाय. खरं हाय की त्याचं. चुकीचं काय म्हनला तो?"

त्या घरात त्या क्षणी खरं माहीत असलेली दोन माणसं बसली होती. दोघंही भांड्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"अक्का..." शेवटी नागप्पा बोलला. "त्या दिवशी बी ती माझ्याच जीपमधी हुती. वाटंत ढकलायला उतरले समदे. त्या गडबडीत ती मागं ऱ्हायली. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

विरेशने झटकन मान वर केली. नागप्पाने त्याच्याकडे बघितलं नाही.

ध्यानात आलं नाही. आरसा नाही, हाक नाही, शेत नाही. नुसतं, ध्यानात आलं नाही.

आता विरेशची पाळी होती. एक वाक्य. सेल्फ मी काढला होता, माझ्या मित्राच्या बहिणीच्या लग्नासाठी, आणि थांबू नका असं मीच सांगितलं होतं. जिभेवर आलं होतं. तो शपथेवर सांगतो, आलं होतं.

राजेश्वरी पदराने तोंड पुसून म्हणाली, "मुद्दाम कोन करतंय ओ मामा असं. गडबडीत झालं. तुमी मनाला लावून घिऊ नका. बोलावलं मीच हुतं न्हवं?"

तिने नागप्पाची समजूत घातली. वर दोघांना चहा केला. त्यांनी तो प्यायला.

विरेशने तोंड उघडलं नाही.

निघताना तिने दोघांचे नंबर घेतले. जीप अर्ध्या किल्लीत चालू झाली. नागप्पाने गिअर टाकला आणि...

कर्रर्र.

मागचे पाटे मोकळे झाले. जीप मागून हलकी झाली.

"उतरली," नागप्पा पुटपुटला. मग हसला आणि रडलाही. "सुटलो रे विरेश. सुटलो. पोचवली तिला."

गल्लीच्या टोकापर्यंत तीनशे पावलं झाली. जीप थांबली नाही. त्यानंतर आजपर्यंत ती कधी बंद पडलेली नाही. नागप्पाने मैंदर्गीचा रस्ता पुन्हा धरला. बाकांना नवं रेक्झिन घातलं. चहा येईपर्यंत चार गावांच्या बातम्या सांगायलाही लागला.

विरेश मात्र तसा राहिला नाही. गॅरेजात आता एका गाडीचा नटसुद्धा दुसऱ्या गाडीला लागत नाही. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं, गेलं तर गेलं. मावशी सांगते, तो पंगतीला बसत नाही. कारण विचारलं की चिडतो.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याचा मोबाइल वाजला.

"अण्णा, मी दुधनीची राजेश्वरी."

विरेश हातातला पाना खाली ठेवून गॅरेजच्या बाहेर आला.

"तुमी येऊन गेला, तवापासनं एक हुतंय. कुनाला सांगू कळंना, म्हनून तुमाला लावला." ती हळू बोलत होती. "रोज दुपारी दोनला गल्लीतनं चपलांचा आवाज येतो. सावकाश. दारापतूर येतो आन् थांबतो. धाप लागल्याली ऐकू येती. दार उघडलं की कोन नसतं... मला ठावं हाय अण्णा कोन हाय ते."

"अक्का..."

"भ्या वाटत न्हाय मला. आई हाय की माझी. पन ती आत येत न्हाय. मी हाका मारते, आत ये अव्वा, पानी पी. येत न्हाय. उंबऱ्याच्या भाईरच थांबती आन् परत जाती." ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं. "रागावली असंल माझ्यावर. व्हय न्हवं? म्हनूनच आत येत न्हाय. तुमी तिच्या जीपवाल्यासंगं आलता. तुमाला तिचं काय ठावं असलं तर सांगा की अण्णा."

गॅरेजात कुणीतरी इंजिन रेस करत होतं. विरेशने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

निंगव्वा लेकीच्या दारात रोज उभी राहत होती. तिला जे सांगायचं होतं ते तिला सांगता येत नव्हतं. आणि ज्याला सांगता येत होतं, तो फोन धरून उन्हात उभा होता.

"न्हाय अक्का," विरेश म्हणाला. "मला काय ठावं न्हाय."

"बरं," ती म्हणाली. "कामात असताना तरास दिला. चुकलं." आणि तिने फोन ठेवला.

तिने माफी मागितली. तिने.

हे सगळं विरेशने मला संक्रांतीला आमच्या घरी आल्यावर सांगितलं, गच्चीवर, कुणी नसताना. मी त्याच्यावर खूप ओरडलो. आत्ता फोन लाव म्हटलं. तो म्हणाला, "तू लाव." त्याने नंबरही दिला.

तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. संक्रांतीनंतर मी दोनदा अक्कलकोटला जाऊन आलो. स्वामींचं दर्शन घेतलं, बाहेर आलो, दुधनीची जीप उभी होती. दोन्ही वेळा सोलापूरची बस धरली. लोकांवर ओरडणं फार सोपं असतं.

गेल्या आठवड्यापासून दुपारी झोप लागेनाशी झालीय. दोनच्या सुमाराला जिन्यात चपलांसारखं काहीतरी वाजतं. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. आवाज दुसऱ्यापर्यंत येतो... आणि थांबतो. बायकोला ऐकू येत नाही.

या गोष्टीतली नावं मी बदललेली नाहीत. मुद्दाम.

दुधनीचं कुणी हे वाचत असेल, तर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत राजेश्वरी राहते, शिवणकाम करते. तिला एवढंच सांगा, की अव्वा तुझ्यावर रागावलेली नाही. तिने हाक मारली होती, आणि ज्याला ती ऐकू आली तो थांबला नव्हता. हे तिच्या भावालाही सांगा.

जमलं तर दुपारी दोनच्या आत सांगा.